गाठ आपली, जहाज कुणाचे?

आमच्या आजोबांना लिहितावाचता येत नव्हते. वऱ्हाडच्या बाहेर ते आयुष्यात दोन-तीनदाच गेले असतील. पण परदेशांतली तीन नावे त्यांच्या बोलण्यात सारखी येत. मक्का, लिव्हरपूल आणि जपान. मक्केला जाण्याची त्यांची इच्छा अपुरी राहिली. लिव्हरपूल कुठे आहे हे त्यांना कधी कळले नाही. आणि जपान म्हणजे त्यांच्या लेखी एक देश नव्हता, तर कापूस घ्यायला येणारी किंवा न येणारी माणसे होती. ‘जपानवाले’.

आम्ही जातीने पिंजारी. रुई पिंजायची, गाद्या-दुलया भरायच्या हा घरचा धंदा. दाराआडच्या खुंटीला धनुकली टांगलेली असे. तिची तांत लाकडी ठोकळ्याने छेडली की जो आवाज निघतो, तो ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. घरात दखनी वळणाची उर्दू, गल्लीत वऱ्हाडी आणि शाळेत पुस्तकी मराठी. पुढे कविता मराठीत आली, बी.ए. झालो, इतिहास वाचला. अर्थशास्त्र हा काही माझा प्रांत नाही. तरीही देशाचा निर्यात-व्यापार आणि देशाची प्रगती या विषयावर बोलावे असे जेव्हा सुचवण्यात आले, तेव्हा मी हो म्हणालो. कारण या विषयाची एक गाठ आमच्या घरातच पडलेली आहे. ती सोडवता सोडवता जे हाती लागले, तेच आज सांगणार आहे.

निर्यात वाढली की देश श्रीमंत होतो असे आपण सर्रास ऐकतो. वर्तमानपत्रात निर्यातीचा आकडा मोठ्या टायपात येतो आणि आपल्याला बरे वाटते. हे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण अर्धे आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायचे तर वऱ्हाडातल्या कापसाच्या एका गाठीचा पाठलाग करावा लागेल.

एक गोष्ट आधी लक्षात घेऊ. हिंदुस्थान पूर्वी जगाला कापूस विकत नव्हता, कापड विकत होता. सुरत, मच्छलीपट्टण, ढाका इथले कापड युरोपात इतके खपू लागले की तिथल्या विणकरांनी ओरड केली आणि इंग्लंडच्या पार्लमेंटने १७०० आणि १७२१ साली हिंदी छापील कापडाविरुद्ध कायदे केले. पुढे इंग्लंडमध्ये यंत्रे आली, आपल्याकडे त्यांचे राज्य आले आणि शंभर-सव्वाशे वर्षांत चित्र उलटे झाले. कापड तिकडून येऊ लागले आणि इकडून कापूस जाऊ लागला. निर्यात दोन्ही वेळा होतीच. पण कापड विकणाऱ्या देशात कातणारा, विणणारा, रंगवणारा, छापणारा, सगळे जगतात. कापूस विकणाऱ्या देशात पिकवणारा आणि वाहून नेणारा एवढेच उरतात.

आता वऱ्हाडात येऊ. १८५३ हे साल आपल्याला मुंबई-ठाणे रेल्वेमुळे पाठ असते. त्याच वर्षी निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिले. या दोन घटना एकाच वर्षी घडल्या, आणि दोन्हींमागे बाकी कारणे होतीच, पण कापूसही होता. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेतून येई. एकाच देशावर इतके अवलंबून राहणे बरे नव्हे, हिंदुस्थानातूनही कापूस यायला हवा, असा तिथल्या गिरणीमालकांचा धोशा होता. लॉर्ड डलहौसीने रेल्वेची शिफारस करताना जी कारणे दिली त्यांत कापसाची वाहतूक हे एक ठळक कारण होते. तोवर वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. पाचशे मैलांचा प्रवास. वाटेत पाऊस लागला की कापूस भिजून दुप्पट जड व्हायचा आणि बैल बसायचे.

आणि १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. लँकेशायरला कापूस मिळेना, गिरण्या बंद पडू लागल्या. जगाची नजर मुंबईकडे वळली. आपला कापूस आखूड धाग्याचा, त्यात कचरा फार. लँकेशायरचे कामगार देवाकडे कापूस मागताना ‘पण सुरती नको’ अशी पुस्ती जोडत, अशी आख्यायिका आहे. पण अडला हरी म्हणतात तसे झाले. मुंबईतले कापसाचे भाव तीन-चार पटींनी चढले. नेहमीच्या भावाने जे मिळाले असते त्याहून सात-आठ कोटी पौंड जास्त या चार-पाच वर्षांत मुंबईत आले, असा त्या काळच्या जाणकारांचा अंदाज आहे. गाद्या उसवून त्यांतला जुना कापूसही लोकांनी विकायला काढला, असे सांगतात. मी पिंजाऱ्याचा मुलगा असल्यामुळे या गोष्टीवर माझा पटकन विश्वास बसतो. खानदेशात शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशाही कहाण्या आहेत.

मुंबईत या पैशाचे काय झाले? बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरला पन्नास हजारांच्या आसपास भाव आला. शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बाजार चढे आणि उतरे. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. कापूस घसरला आणि १ जुलै १८६५ ला, वायद्यांचा निकाल करण्याच्या दिवशी, अख्खा बाजार बसला. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बे पुढे १८६८ साली गुंडाळावी लागली. त्या तेजीच्या काळात प्रेमचंदांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. तो आजही घड्याळ दाखवतो आहे. मला तो मुंबईत गेलो की कापसाच्या भावाचे स्मारक वाटतो.

मुंबई पडली तरी सावरली. तेजीतला काही पैसा गिरण्यांत, गोद्यांत, इमारतींत गेला होता, तो राहिला. पण शेतकऱ्याचे काय? तेजीच्या काळात सगळ्याच पिकांचे भाव चढले, सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली आणि सरकारने वाढलेले भाव बघून पुणे-नगरकडच्या तालुक्यांत शेतसाऱ्याची फेरआकारणी केली. भाव उतरले. सारा मात्र चढलेलाच राहिला आणि कर्जही तसेच राहिले. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतली कर्जखते बाहेर काढून जाळली. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरले. यालाच आपण दख्खनचे दंगे म्हणतो. अमेरिकेतल्या लढाईने चढलेला भाव अखेर सुप्याच्या बाजारात दस्तऐवजांच्या होळीत संपला. निर्यातीच्या तेजीत सगळ्यांचा वाटा असतो, पण मंदीचा वाटा मात्र खाली सरकत सरकत शेवटच्या माणसापाशी येऊन थांबतो, हे त्या वेळी पहिल्यांदा इतक्या उघडपणे दिसले.

तरीही कापूस थांबला नाही. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले आणि जलंबहून खामगावच्या कापूसबाजारात जाणारा लोहमार्ग सुरू झाला. विचार करा, त्या काळात वऱ्हाडातल्या एका बाजारगावासाठी हिंदुस्थानचा सर्वोच्च अधिकारी येतो. रॅली ब्रदर्स, व्होल्कार्ट ब्रदर्स यांसारख्या युरोपीय पेढ्यांचे खरेदीदार वऱ्हाडात वावरू लागले. गावोगाव जिन आणि प्रेस उभे राहिले. हातरेचे मागे पडले. सरकी काढायची, रुई दाबून ४०० पौंडांची गाठ बांधायची, शिक्का मारायचा आणि गाडीत चढवायची. आमच्या आजोबांचे तारुण्य याच कामात गेले. पिंजाऱ्याचा मुलगा धनुकली खुंटीला लावून प्रेसवर हमाल झाला. भाव कोण ठरवतो, असे विचारले तर मुनीमजी सांगत, लिव्हरपूलहून तार येते.

आता इथे एक प्रश्न उभा राहतो. हिंदुस्थानची निर्यात त्या काळात वर्षानुवर्षे आयातीपेक्षा जास्त होती. आजच्या हिशेबाने हे उत्तम लक्षण. मग देश गरीब का राहिला? दादाभाई नवरोजींनी सारे आयुष्य याच प्रश्नाला दिले. १९०१ साली त्यांचा मोठा ग्रंथ निघाला, पण मुद्दा ते त्याआधी तीस-पस्तीस वर्षे मांडत होते. तो मुद्दा आपण घरगुती हिशेबात समजून घेऊ. इंग्लंडमधला व्यापारी आपला कापूस घेतो. त्याला हिंदुस्थानात रुपये द्यायचे आहेत. तो लंडनमध्ये भारतमंत्र्याच्या कचेरीत पौंड भरतो आणि तिथून एक हुंडी घेतो. ती हुंडी हिंदुस्थानच्या सरकारी तिजोरीत वटते आणि इथल्या विक्रेत्याला रुपये मिळतात. पण तिजोरीतले ते रुपये आले कुठून? शेतसाऱ्यातून, मिठाच्या करातून. आणि लंडनमध्ये जमा झालेले पौंड? ते पेन्शनी, कर्जाचे व्याज, रेल्वे कंपन्यांना दिलेली हमी आणि लष्कराचा खर्च यांत तिथेच संपायचे. म्हणजे शेतकऱ्याच्या मालाची किंमत शेतकऱ्याच्याच करातून चुकती व्हायची आणि मालाचे खरे मोल समुद्रापलीकडेच राहायचे. जमाखर्चाच्या वहीत निर्यात जास्त दिसे आणि घरातल्या कणगीत दाणा कमी दिसे, त्याचे हे गुपित.

न्यायमूर्ती रानड्यांनी आणखी एक बाजू दाखवली. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. त्या सुमाराच्या लेखनात ते म्हणतात त्याचा मथितार्थ असा, की हिंदुस्थान हा इंग्लंडचा एक मोठा मळा होऊन बसला आहे. कच्चा माल इथे पिकवायचा, इंग्रज अडत्यांनी इंग्रजी जहाजांतून तो न्यायचा, तिकडच्या कसबाने त्याचे कापड करायचे आणि तेच पुन्हा इथे आणून विकायचे. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये विलायती मालामुळे इथले कारागीर बसल्याचे जळजळीत भाषेत सांगितले आहे. तर सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबारात हातसुताचे कपडे घालून गेले. महाराष्ट्रातल्या विचारी माणसांना निर्यातीच्या आकड्यामागचे दुखणे तेव्हाच कळले होते.

रानड्यांना आशाही होती, कारण मुंबईत गिरण्या वाढत होत्या. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, थेट कापसाच्या मुलखात. शतक संपेपर्यंत एकट्या मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या झाल्या. या गिरण्या सूत काढायच्या आणि त्यातला मोठा भाग चीनला जायचा. म्हणजे आपण पुन्हा पक्का माल निर्यात करू लागलो होतो. आणि इथेच जपान या गोष्टीत येतो.

१८८० च्या दशकात जपानसुद्धा मुंबईचे सूत विकत घेत होता. शिबुसावा एइइची या उद्योजकाच्या पुढाकाराने ओसाकात १०,५०० चात्यांची गिरणी निघाली आणि १८८३ मध्ये सुरू झाली. म्हणजे दावरांच्या गिरणीनंतर सत्तावीस वर्षांनी. जपानकडे पुरेसा कापूस नव्हता. तो हिंदुस्थानातून न्यावा लागे, पण जहाजे होती पी अँड ओ आणि तिच्या दोन युरोपीय भागीदार कंपन्यांच्या हातात. त्यांनी संगनमत करून भाडे चढे ठेवले होते. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले. निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी त्यांनी करार केला आणि मुंबई-कोबे अशी नवी जहाजवाहतूक सुरू झाली. पी अँड ओने भाडे इतके पाडले की नव्या माणसाने टिकूच नये. टाटांनी भाड्याने घेतलेली जहाजे थोड्याच काळात परत केली. त्यांनी लंडनच्या सरकारकडे दाद मागितली, उपयोग झाला नाही. जपानी कंपनी मात्र टिकली. का? तिथल्या गिरणीमालकांच्या संघाने आपला कापूस त्याच जहाजांतून आणण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले आणि सरकारने पुढे जहाजांना अनुदान दिले.

दोन देशांची ही तीन-चार वर्षे शेजारी शेजारी ठेवून बघा. जपानने १८९४ मध्ये सुतावरचा निर्यातकर काढून टाकला आणि १८९६ मध्ये कच्च्या कापसावरचा आयातकर. आपल्याकडे १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी चांदीसाठी बंद केल्या, रुपया चांदीच्या तुलनेत महाग झाला आणि चांदीच्या नाण्यात व्यवहार करणाऱ्या चीनमध्ये मुंबईचे सूत महाग पडू लागले. १८९६ मध्ये आपल्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला. कारण काय, तर लँकेशायरच्या कापडावर तेवढीच जकात होती, आणि हिंदी गिरण्यांना तेवढासुद्धा फायदा मिळू नये! हा कर जायला १९२६ साल उजाडले. त्याच १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि कामगार गाव सोडून पळाले. १८९७ मध्ये जपानची सूत-निर्यात त्याच्या सूत-आयातीपेक्षा जास्त झाली. कापूस कितीतरी वेळा आपलाच असे, बाजारपेठ तीच चीनची. फरक निर्णय कुणाच्या हातात आहेत याचा होता.

इथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. पहिली, जपानचेही हात पूर्ण मोकळे नव्हते. पाश्चात्त्य देशांनी लादलेल्या तहांमुळे त्याला परदेशी मालावर मोठी जकात बसवता येत नव्हती. जे हातात होते तेच त्यांनी नीट वापरले. जुनी यंत्रे सोडून लवकर नवे रिंग-चाते घेतले, हिंदी, चिनी आणि अमेरिकन कापूस मिसळून स्वस्तात चांगले सूत काढण्याचे कसब कमावले. आपल्याकडे एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजींनी रिंग-चाते लवकर आणले होते, पण मुंबईतल्या बऱ्याच मालकांना जुनी यंत्रे सोडवेनात. सगळा दोष सरकारवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. दुसरी गोष्ट, जपानच्या त्या स्वस्त सुतामागे खेड्यांतल्या गरीब मुली होत्या. गिरणीच्या आवारातच कोंडल्यासारख्या राहणाऱ्या, बारा बारा तासांच्या पाळीत रात्रंदिवस काम करणाऱ्या. कितीतरी जणी क्षय घेऊन घरी परतल्या. होसोई वाकिझो या कामगाराने १९२५ साली त्यांच्या हालांवर पुस्तक लिहिले. देश पुढे गेला हे खरेच, पण तो या मुलींच्या छातीवरून गेला.

आता आमच्या घरातल्या गाठीकडे येतो.

आजोबा एका सालाची गोष्ट नेहमी सांगत. “अरे बेटा, वो साल जपानवाले आयेच नई.” दिवाळी गेली, कापूस घरी आला, पण प्रेसवर नेहमीसारखी झुंबड नाही. मुनीमजी सांगत, थांबा, तार येईल. तार येईना. भाव आधीच मंदीने निम्म्यावर आला होता. अखेर आजोबांनी खुंटीवरची धनुकली खाली घेतली आणि खांद्यावर टाकून गावोगाव फिरू लागले. गादी पिंजून घ्या, दुलई भरून घ्या. पण हाती पैसा नसलेला शेतकरी गादी कशाची भरतो? त्या हिवाळ्यात आजीचे चांदीचे तोडे गेले. आणि आमच्या अब्बांच्या पाठची एक बहीण गेली. तापाचे निमित्त झाले, पण आजी म्हणायची, ताप नव्हे, उपास. आजोबांची मात्र पक्की समजूत होती, की कुणीतरी गाठींत दगड-माती भरली असेल, म्हणून जपानवाले रुसले. आपल्याच प्रेसच्या कुणा माणसाकडून बेइमानी झाली असेल. हे ओझे त्यांनी मरेपर्यंत वाहिले.

कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना ग्रंथालयात एका पुस्तकात मला ते साल सापडले. १९३३. झाले होते असे. स्वस्त जपानी कापड हिंदुस्थानात लोटू लागले होते. मुंबईचे आणि लँकेशायरचे दोघेही गिरणीमालक हैराण. जून १९३३ मध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटनबाहेरच्या कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. उत्तर म्हणून जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार टाकला. तेव्हा आपल्या निर्यातीच्या कापसातला निम्म्याच्या आसपास कापूस जपान घेत होता. सिमला आणि दिल्लीत महिनोन् महिने बोलणी झाली आणि जानेवारी १९३४ मध्ये समझोता ठरला. जपानने कापसाच्या १५ लाख गाठी घेतल्या तर त्याला ४० कोटी वारांपर्यंत कापड इथे विकता येईल, असे त्याचे गणित. गाठी आणि वार यांचा असा सरळ सौदा.

मी पुस्तक मिटले. आजोबा तोवर जाऊन काही वर्षे झाली होती. दगड-माती कुणीच भरली नव्हती. ओसाकाच्या गिरण्यांचा विचार करणारे लोक बोलणीच्या टेबलावर होते, मुंबईच्या गिरण्यांचे होते, लँकेशायरचेही होते. वऱ्हाडचा कापूस तिथे फक्त आकडा म्हणून होता. जकात बसवणे चूक होते असे मला म्हणायचे नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपलीच लाखभर माणसे पोट भरत होती, त्यांनाही वाचवायला हवेच होते. पण जो निर्णय एकाला वाचवतो तो दुसऱ्याच्या चुलीवर पाणी ओततो, तेव्हा त्या दुसऱ्यासाठी काय करायचे, हे कुणीतरी विचारायला हवे होते. ते कुणी विचारले नाही.

ही जुनी कहाणी आहे, तिचे आज काय, असे कुणी म्हणेल. शेजारच्या बांगलादेशाकडे बघा. तिथे कापूस नाहीसारखाच पिकतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘देश’ नावाच्या कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि सुमारे १३० माणसे शिकायला कोरियात पाठवली. ती परत आली, त्यांतल्या कितीतरी जणांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. आज त्या देशाच्या निर्यात-उत्पन्नाचा चार पंचमांशाहून जास्त भाग तयार कपड्यांतून येतो आणि लाखो बायका त्यातून पहिल्यांदा स्वतःच्या कमाईचा पैसा हातात घेऊ शकल्या. कापूस आणि सूत भारतातूनही जाते. बाहेरून आलेल्या कारखान्याबरोबर कसबही आले आणि ते तिथे राहिले, हे त्या यशाचे मर्म. पण २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक कामगार गेले. ओसाकाच्या मुलींची आठवण व्हावी असेच ते होते.

आणि आपल्याकडे? ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के जकात बसवली. तिरुपूरपासून सगळ्या कापड-निर्यातदारांचे धाबे दणाणले. त्याच महिन्यात त्यांना दिलासा म्हणून सरकारने परदेशी कापसावरचा ११ टक्के आयातकर आधी सप्टेंबरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत उठवला. नेमके त्याच दिवसांत विदर्भातला कापूस बाजारात यायचा असतो. मी ती बातमी वाचली आणि मला १९३३ आठवले. तेव्हा राज्य परक्यांचे होते, आता आपले आहे. निर्यातदार वाचायला हवा, हे तेव्हाही खरे होते आणि आताही खरे आहे. म्हणूनच कापूस पिकवणाऱ्याचे काय, हा प्रश्न आता जास्त हक्काने विचारता येतो.

निर्यात देशाला वर काढते, यात मला शंका नाही. जपान, कोरिया त्याची साक्ष देतात. पण निर्यातीचा आकडा ऐकला की आपण चार साधे प्रश्न विचारावेत. माल कच्चा गेला की पक्का? भाव कुणी ठरवला? त्या व्यापारातून आलेले कसब आणि पैसा इथे राहिला का? आणि बाजार पडला तर त्याचा भार कुणाच्या डोक्यावर येणार? १८६५ च्या मुंबईत, १८९६ च्या ओसाकात, १९३४ च्या दिल्लीत हेच चार प्रश्न होते.

आमच्या गावच्या त्या जुन्या प्रेसच्या जागेवर आता मंगल कार्यालय झाले आहे. पण नव्या जिनिंगमधून हिवाळ्यात ट्रक भरून गाठी बाहेर जातात, १७० किलोंची एकेक गाठ. कापड अजूनही बाहेरूनच येते. धनुकली माझ्याकडे आहे. तांत केव्हाच तुटली. परवा नातवाने विचारले, हे काय आहे? मी त्याला आजोबांची गोष्ट सांगितली, जपानवाल्यांसकट. शेवटी एवढे मुद्दाम सांगितले, की बाबा रे, गाठीत कुणी दगड भरले नव्हते. आपल्या माणसांची काही चूक नव्हती.

हे वाक्य मला आजोबांना सांगायचे होते. ते राहून गेले.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)